मुकी गाडी

चालूच असलेल्या गाडीला माणिकरावांनी पुन्हा किक मारली, तेव्हा चंद्रभान मिस्त्री हसला. नवी जपानी गाडी होती. गुरगुरायची नाही, थरथरायची नाही. चालू आहे हे कळायला कान जवळ न्यावा लागे. मानवतच्या त्याच्या दुकानापुढे शेजारीच माणिकरावांची जुनी विलायती फटफटी उभी होती, खाली तेलाचं थारोळं करून. औरंगाबादच्या एका हौशी माणसाला ती हवी होती, बदल्यात तो ही नवीकोरी द्यायला तयार होता. संध्याकाळपर्यंत चालवून बघा, मग काय ते सांगा, असं ठरलं.

खरं तर ठरवायचं काय होतं? जुनीचा एकेक भाग हैद्राबादेहून आणावा लागे, नाही मिळाला तर लेथवर करून घ्यावा लागे. चार-पाच किका खाल्ल्याशिवाय ती जागची हलत नसे, आणि किक उलटली तर नडगी फोडी. पण एकदा सुरू झाली की तिचा भारदस्त ठोका छातीत उतरे आणि माणिकरावांना आपण कुणीतरी आहोत असं वाटे. शिवाय गाडी नाल्याजवळ आली की आवाज ऐकून आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, सुगंधाबाई चहाचं आधण ठेवी. ओसरीत पाय टाकावा तर कप समोर. बायको असावी तर अशी, असं ते चारचौघांत सांगत.

वाटेत रायभानची मेंढरं आडवी आली. जुनीचा ब्रेक डाव्या पायाला, हिचा उजव्या. माणिकरावांनी सवयीनं डावा पाय दाबला आणि ब्रेकऐवजी गिअर बदलला. थोडक्यात निभावलं.

"मालक, तुमचा आवाज आला की मेंढरं आपसूक बाजूला व्हत्यात," रायभान म्हणाला. "आज तुमी आलेलं कळलंच न्हाई."

आखाड्यावर पोचले तेव्हा घरातून हसू ऐकू येत होतं. मोकळं, पोट धरून हसणं. कोण पाहुणी आली असेल, म्हणून माणिकराव ओसरीत डोकावले. त्यांच्याच बाजेवर पाय पसरून सुगंधाबाई बसली होती. डोक्यावर पदर नाही, हातात अर्धा खाल्लेला पेरू, समोर शेजारची पंचफुला. संसाराला इतकी वर्षं झाली, पण हे हसू त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

त्यांना पाहताच ती ताडकन उठली. पदर वर आला, पेरू लपला. पंचफुला मागच्या दारानं निघून गेली.

"गाडी कुटं हाय? आवाज न्हाई आला वो तुमचा," म्हणत ती चुलीकडे वळली.

"ऱ्हाऊ दे चहा. बस. कायला हसायलीस एवढं?"

"कुटं काय. काई न्हाई."

ती बसली नाही. रागवावं की लाजावं, माणिकरावांना कळेना. हात त्यांनी कधी उगारला नव्हता, वरच्या आवाजात बोललेलंही आठवेना. मग ही दचकली कशाला? आणि इतकी वर्षं आयता मिळालेला तो चहा मायेचा होता, की आणखी कशाचा? आपल्याच घरात चोरासारखं शिरल्याचं वाटून ते तसेच मागे फिरले.

ते इतक्यात दुकानात परतलेले पाहून, नवीत काय खोट निघाली, असं चंद्रभाननं विचारलं. "खोट न्हाई. लय चांगली हाय," एवढंच ते म्हणाले, आणि औरंगाबादवाल्याला नाही म्हणून कळव असं सांगून जुनी घेऊन निघाले.

नाल्याच्या बऱ्याच अलीकडे त्यांनी इंजिन बंद केलं. उतारावर गाडी तशीच घरंगळत खाली आणली आणि एका दगडावर बसले. गाडीखाली तेलाचे थेंब पडत होते. पलीकडे आखाड्यावरून पुन्हा हसू ऐकू आलं, पंचफुला परत आली असावी. त्या दोघी कशाला हसतायत हे कळत नव्हतं, तरी त्यांच्याही ओठांवर हसू आलं. असेच ते बराच वेळ बसून राहिले.

पण कधीतरी घरी जायलाच हवं होतं. त्यांनी किक मारली. कधी नव्हे ती गाडी पहिल्याच किकेला धडधडली.

पलीकडचं हसणं थांबलं. थोड्या वेळानं छपरातून धूर वर आला.