सासरच्या जमिनीखाली

बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर कांचन ढाकणेनं पोह्यांच्या बशांआधी लॅपटॉप ठेवला. तिच्या आईची पत्रिका झकास जुळली होती आणि जन्म हंडे वाहण्यात गेला होता. घरोघरी हेच झालं होतं, म्हणून आता मुली होकाराआधी सासरचं भूजल तपासत. जमिनीखालचं पाणी किती वर्षं पुरेल ते दाखवणारं सॉफ्टवेअर कांचन नुकतंच शिकली होती. मुलाच्या गावचा खडक, उतार, पाऊस तिनं आधीच भरला होता.

“तुमचे बोअर किती?”

“चार. रात्रंदिवस धो धो,” मुलाचे मामा छाती फुगवून म्हणाले.

तिनं चारही नकाशावर ठेवले. पडद्यावरचा निळा रंग ओसरत गेला आणि काही वर्षांत गाव कोरडं पडलं.

“मग राम राम,” तिचे वडील उठले. “लेक हंड्याखाली द्यायची नाही.”

“अहो, सोयरिकीत माणूस थोडं वाढवूनच सांगतो की,” मामा चाचरले.

“मामा, थापा बास,” मुलगा भागवत म्हणाला. “एकच विहीर आहे. तीही बेतानं उपसतो.”

कांचननं बोअर खोडले, विहीर घातली. मामांच्या फुशारकीनं मेलेलं गाव पुन्हा निळं झालं आणि निळंच राहिलं.

ती खुर्चीत निवांत रेलली.

“गाव पसंत आहे,” ती म्हणाली. “आता मुलाला बघू.”