खांद्यावरचं नाव

"हा कोण पुरुष माझ्या लेकीच्या खांद्यावर बसलाय?" बी झेनाने मोबाइल काउंटरवर ठेवला. अथमान पुढे वाकला तसा तिने त्यावर पंजा पालथा घातला. "तुला नाही दाखवत. सौमूला दाखवतेय. तू तिकडे बघ."

अथमान मुकाट्याने भिंतीकडे वळला.

सौमूला बघायची गरज नव्हती. तो फोटो तिनेच काढला होता. मोम्बासाच्या जुन्या वस्तीत लग्न असलं, की मशिदीतले फोटो तिचा मोठा भाऊ अथमान काढायचा आणि बायकांच्या हॉलमधले ती. त्या हॉलमध्ये बायका बुरखे उतरवून नटूनथटून बसतात, त्यांचे मोबाइलसुद्धा दारातच टोपलीत काढून घेतात. या फोटोतली नवरी, बी झेनाची मारियामू, केस मोकळे सोडून बसली होती. कोपरापर्यंत मेंदी, खांदे उघडे, आणि त्या खांद्यांवरून आरपार गेलेली फिकट पांढरी अक्षरं : अथमान स्टुडिओ.

सगळ्याच फोटोंवर ती असायची. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पसंतीचे नमुने पाठवताना संगणक ती आपोआप उमटवायचा, म्हणजे कोणी फोटो ढापला तरी दुकानाचं नाव त्याच्यासोबत जावं.

"पोरगी फोटो बघत होती, सासूने मागून डोकावून बघितलं," बी झेना म्हणाली. "सकाळपासून त्या घरात एकच चाललंय. सुनेचे असले फोटो कुणा अथमानने काढले म्हणे. पोरगी फोनवर नुसती रडतेय. लग्नाची मेंदीसुद्धा उतरली नाही गं अजून."

"बी झेना, ते नुसतं दुकानाचं नाव आहे," अथमान भिंतीशी बोलला. "मी त्यातला एकही फोटो बघितलेला नाही. अल्लाशप्पथ."

"मला कशाला सांगतोस? तिच्या सासूला जाऊन सांग."

"मी कसा जाणार तिथे?"

"तेच म्हणतेय मी."

तिने बुरख्याच्या टोकाने मानेवरचा घाम पुसला. आवाज जरा खाली आला. "मला भांडायचं नाहीये. ते नाव काढा आणि कोरे फोटो पाठवा. विषय मिटला."

"काढतो की," अथमान लगेच म्हणाला. "सौमू, काढ गं ते."

"नाही काढणार."

दोघंही तिच्याकडे बघायला लागले.

"कोरे पाठवले तर सासूबाई काय म्हणतील? बघा, पकडलं तेव्हा नाव पुसलं. मग तो पुरुष मारियामूच्या खांद्यावरून जन्मात उतरायचा नाही." सौमू बी झेनाकडे वळली. "नाव हवंच. ज्याने काढले त्याचं हवं. माझं."

अथमान हसला. "तुझं नाव कोण ओळखतं गं?"

"हॉलभर बायका ओळखतात," बी झेना सावकाश म्हणाली. तिला काहीतरी आठवत होतं. "सौमू इकडे बघ, सौमू माझा एक काढ, असं सगळ्या ओरडत होत्या. ती सासूसुद्धा. डोळे मिटले गेले म्हणून तिने दुसरा काढून घेतला."

अथमान काउंटरला वळसा घालून बहिणीजवळ आला. "हे बघ, हे दुकान माझ्या नावावर चालतं. एकदा तुझं नाव बाहेर गेलं, की पुढच्या मोसमात बायका मला विचारतील का? थेट तुला गाठतील."

"गाठू देत. मी काही कॅमेरा लपवून ठेवणार नाहीये."

"कॅमेरा धरायला तुला मी शिकवलं."

"शिकवलंस. म्हणून तर चांगले आलेत."

"मग कोणाचंच नको. कोरेच पाठव. दुकानाचं नुकसान झालं तरी चालेल मला."

सौमू त्याच्याकडे बघत राहिली. फोटो चोरीला गेले तरी चालणार होते, गिऱ्हाइकाच्या घरात तमाशा झाला तरी चालणार होता. फक्त तिचं नाव चालणार नव्हतं. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. आज त्याने ते तोंडाने सांगितलं, एवढंच.

ती संगणकापुढे बसली. त्याला दिसणार नाही अशा बेताने पडदा वळवून घेतला. अथमान स्टुडिओ ही अक्षरं तिने खोडली आणि त्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. बी झेना तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"जरा मोठं कर गं," ती म्हणाली. "विहीणबाईंना चष्मा लागतो."

सौमूने मोठं केलं. मग एकेक फोटो पुढे येत गेला, मावश्यांचा, मैत्रिणींचा, नाचणाऱ्यांचा, आणि प्रत्येकावरून तिचं नाव आरपार जात राहिलं.

अथमान काउंटरच्या पलीकडे परत गेला. शेवटी म्हणाला, "नवरदेव हॉलमध्ये येऊन नवरीशेजारी बसतो, तो एक फोटो असेल ना? त्यात पुरुष आहे. त्यावर तरी माझं राहू दे."

"तो मशिदीत बसला होता ते फोटो तुझे, दादा. हॉलमध्ये तो पाहुणा म्हणून आला होता."

तिने तो फोटो उघडला. सगळ्या बायका डोकी झाकून बसलेल्या, मधोमध नवरदेव पायघोळ पांढऱ्या झग्यात. तिने आपलं नाव उमटवलं, पण पांढऱ्या कापडावर पांढरी अक्षरं दिसेनात.

तिने अक्षरांचा रंग काळा केला.