चोरलेला आवाज

शत्रूचं यंत्र कुणाचाही आवाज हुबेहूब काढू लागल्यापासून किनाऱ्यावरच्या तोफखान्यात वायरलेसवर कुणी विश्वास ठेवत नसे. तरी त्या दुपारी मेजर वेणू कुबल थबकली. आवाज तिच्या वडिलांचा, आबांचा होता, आणि सकाळी मासेमारीला गेलेली त्यांची होडी परतली नव्हती.

"वेणू, मी ह्यांच्या जहाजावर आहे. तोफा थांबव, बाळा."

"यंत्रच असणार, मॅडम," तोपची म्हणाला.

तेवढ्यात वायरलेसवर झटापट ऐकू आली. आबा ओरडले, "थांबू नको गो! मार तोफ!"

पाठोपाठ तोच आवाज शांतपणे म्हणाला, "तोफा थांबव, बाळा."

तोफ मार, असं शत्रूचं यंत्र कधीच म्हणालं नसतं. म्हणजे आबा खरोखरच तिथे होते.

जहाज बंदराच्या तोंडाशी आलं होतं.

"आबांचा हुकूम ऐकलात ना?" वेणू म्हणाली. "फायर!"