मोठ्या सिस्टरांचं उत्तर

"तुमचे कागद मला खरे वाटतात," नर्सिंग नोंदणीच्या कचेरीतल्या अधिकारी बाई म्हणाल्या. "पण मला वाटून काय उपयोग? तुमच्या जुन्या हॉस्पिटलातल्या कुणीतरी हो म्हणायला हवं. आमच्या पत्रांना ते उत्तर देत नाहीत. सरळ फोनच लावते."

"नको, मॅडम."

तोवर फोन लागलाही होता. बाईंनी स्पीकर सुरू करून तो टेबलावर ठेवला.

समोर बसलेली नर्स खुर्चीच्या कडेला सरकली. तिकडे मोर्चावर गोळीबार झाला तेव्हा तिने जखमींना आपल्या वॉर्डात घेतलं होतं. मग वर्दीतली माणसं तिचा पत्ता विचारत फिरू लागली आणि तिने देश सोडला. आई मात्र अजून तिथेच होती, हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत.

"हॅलो."

मोठ्या सिस्टर. त्यांच्याच हाताखाली तिची सारी नोकरी झाली होती. तो ओळखीचा आवाज ऐकून तिला रडूच आलं.

अधिकारी बाईंनी तिचं नाव सांगितलं. "या तुमच्याकडे कामाला होत्या ना?"

 पलीकडे एका पुरुषाने घसा खाकरला, अगदी फोनजवळ.

"या नावाची नर्स आमच्याकडे कधीच नव्हती," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"पण अनुभवाच्या दाखल्यावर तुमची सही आहे."

"माझी नाही ती."

"जरा आठवून बघा."

"बघितलंय. इथे चौकशीला साहेब आलेत, त्यांनाही तेच सांगितलं. ती इथली नव्हे, तिचं इथे कुणी नाही. मागच्या गल्लीत तिचं घर म्हणून जे दाखवतात, तिथली म्हातारी माझी मावशी आहे." पुढचं त्या एकेक शब्द तोडून बोलल्या. "कुणीही विचारलं तरी मी हेच सांगणार."

फोन बंद झाला.

"खोटं बोलतायत ना त्या?" अधिकारी बाईंनी हळूच विचारलं. "तसं असेल तर सांगा. मी वरून चौकशी लावते. नाहीतर तुमचा सगळा अनुभव गेला म्हणून समजा."

नर्स फोनकडे बघत होती. "बंद आहे ना तो?"

"बंद आहे."

तरी ती दबक्या आवाजातच बोलली. "त्या खरं बोलल्या. मी तिथे नव्हते."

"मग इतकी वर्षं काय करत होतात?"

"काही नाही. घरीच होते."

 बाईंनी पेन उचललं, पण लिहिलं काहीच नाही.

"नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला बसावं लागेल तुम्हाला. कालपरवा शाळा सोडलेल्या मुलींबरोबर."

"बसेन." तिने टेबलावरचे आपले कागद गोळा केले. "नाडी कुठे लागते, तिथपासून शिकवा मला."