नानांची दाढ

"खरं सांग ताई, नाना आणि सेनापती तुमच्याकडे भेटतात की नाही?"

धाकट्या भावाने दवाखान्याच्या काउंटरवर कोपरं टेकून विचारलं. ताईने बाकावरच्या पेशंटांकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"भेटतात काय? दोघांच्या दाढा दुखतात."

"एकाच आठवड्यात? आणि एकाच दवाखान्यात?"

दातांच्या डॉक्टरांची बायको म्हणून काउंटर सांभाळताना ताईने तऱ्हेतऱ्हेचे पेशंट पाहिले होते, पण असली जोडी पाहिली नव्हती. तिकडे लाखभर माणसं राजवटीविरुद्ध चौकात ठाण मांडून बसलेली, आणि त्यांचे पुढारी नाना रोज गाल धरून इथे, सेनापतींच्या मांडीला मांडी लावून! काल तर सेनापतींनी त्यांना आपला नंबर देऊ केला. "तुम्ही आधी जा नाना, तुम्हाला भाषण ठोकायचंय," म्हणाले आणि दोघं खो खो हसले. ताई गप्प राहिली, पण बाकावरची माणसं थोडीच गप्प राहणार? आज सकाळपासून चौकात एकच कुजबुज होती: नाना फितूर झाले.

"चार वाजता चौक रिकामा करणार असं लष्कर सांगतंय," भाऊ म्हणाला, "आणि नाना म्हणतात, कुणी जागचं हलू नका. पिंजऱ्यात कोंबड्या बसवल्यासारखं बसवलंय आम्हाला. नाना फितूर आहेत, एवढ्याला तू फक्त हो म्हण. मी माइकवरून सगळ्यांना घरी पाठवतो. आंदोलन गेलं तर गेलं. तुझी लेक पहिल्या रांगेत आहे, ताई."

लेकीचं ताईला कौतुक होतं आणि तेवढीच भीतीही वाटत होती. "चारच्या आत फोन करते," ती म्हणाली.

भाऊ गेल्यावर तिने आत डोकावलं. डॉक्टर हत्यारं उकळत होते.

"अहो, नाना आत काय बोलतात हो?"

"दाढेबद्दल."

"आणि सेनापती?"

"तेही दाढेबद्दल. मला तोंडापलीकडचं काय कळतंय?"

हे मात्र खरं होतं. पोलीस दिसला की रस्ता ओलांडणारा हा माणूस. जपून वागायची सवय एवढी मुरलेली, की भुलीचं इंजेक्शनसुद्धा थेंब मोजून द्यायचा. पेशंटांच्या किंकाळ्या कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायच्या.

दुपारी नाना आले. परवा डावा गाल धरला होता, आज उजवा. "दुखणं फिरतंय वहिनी," ते हसून म्हणाले. साठी उलटली तरी दात असे शुभ्र, की सभेत मागच्या रांगेलाही दिसावेत. आतून बाहेर आल्यावर ताईने त्यांना गाठलंच.

"नाना, माझी लेक चौकात बसलीय. तिला उठवू का?"

"बसू दे. माझी नातही तिच्या शेजारीच आहे." नानांचे डोळे भरून आले.

पुढारीच ते, ताई मनात म्हणाली, डोळे भरायला यांना कितीसा वेळ लागतो! नाना गेले आणि ती तशीच धुमसत बसली.

तीनच्या सुमारास सेनापती आले. गाल टम्म, पण स्वारी खुशीत. बरोबर वायरलेस सेट घेतलेला सहायक.

"आधी दाढ उपटा डॉक्टर, मग मी चौक उपटतो!" ते गरजले. "पोरं तयार उभी आहेत. परवा कुणीतरी खोटा निरोप पाठवून त्यांना फसवलं. तेव्हापासून ताकीदच दिलीय, माझा आवाज ऐकल्याशिवाय बोटही हलवायचं नाही. कागद नाही, निरोप्या नाही, फक्त माझा आवाज!"

दार लागलं. बराच वेळ झाला तरी आतून किंकाळी आली नाही. चार वाजत आले. ताईने फोन उचलला. नानांचं वाटोळं होवो, लेक घरी आली पाहिजे. तिने निम्मा नंबर फिरवला आणि दार उघडलं.

सेनापतींचा जबडा लोंबत होता. गालांत कापसाचे बोळे, जीभ कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. त्यांनी सेट ओढून घेतला.

"हौक... हिहामा हरा!"

"कोण रे तू?" पलीकडून आवाज आला. "लष्कराच्या सेटवर दारू पिऊन बोलतोस? ठेव!"

सेनापती पुन्हा ओरडले. पलीकडून शिवी आली. सहायकाने सेट घेतला, तर त्याला नम्रपणे सांगण्यात आलं, की साहेबांचा आवाज हवा, नियम म्हणजे नियम. सेनापती पाय आपटत गाडीकडे धावले.

"दोन तास बोलू नका!" डॉक्टर मागून काकुळतीने ओरडले. "आणि गरम काही खाऊ नका!"

गाडी गर्दीत अडकली ती अडकलीच. हुकमाची वाट बघून कंटाळलेले शिपाई तोवर पहिल्या रांगेत टेकले होते. पोरींनी त्यांना पाणी दिलं, त्यांनी टोप्या काढल्या, आणि मग कुणाला उठवणार आणि कोण उठवणार! अंधार पडायच्या आत राजवटीने गाशा गुंडाळला.

भावाचा फोन आला. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. "लेक खुशाल आहे, खांद्यावर बसून नाचतेय! पण ताई, नुसतं नशीब गं. त्या सेनापतीची दाढ आडवी आली म्हणून वाचलो, नाहीतर नानांनी आपल्याला विकलंच होतं."

ताईने फोन ठेवला. ती हसत होती, रडतही होती, आणि तरी नानांवरचा राग काही जाईना.

"त्या नानांची दाढ आता अजिबात उपटू नका हं," तिने नवऱ्याला बजावलं. "दुखू दे चांगली!"

"काय उपटणार, कपाळ?" डॉक्टर हात पुसत म्हणाले. "त्यांच्या दोन्ही कवळ्या आहेत."