फ्लिपर, ड्रेन, टिल्ट

"मला ह्या मशीनवरचे शब्द शिकवा," केरबा म्हणाला, तेव्हा गेम पार्लर चालवणाऱ्या यल्लाप्पाला वाटलं, पावणं सकाळीच पिऊन आलंय.

राजारामपुरीतल्या त्या तळघरात सकाळी कुणी फिरकत नसे. पार्लर भरायचं ते कॉलेज सुटल्यावर. आणि हा तर पन्नाशीचा, एसटी वर्कशॉपच्या खाकी कपड्यांतला माणूस. पिनबॉलच्या मशीनसमोर हात मागं बांधून उभा होता.

"खेळायचं हाय व्हय?"

"न्हाय. कशाला काय म्हणत्यात, तेवढंच सांगा."

यल्लाप्पा मूळचा गडहिंग्लजकडचा. मोठ्यानं बोलायचा, पण माणसाला हाकलायचा नाही. त्यानं बटण दाबलं. काचेखालचे दिवे लागले.

"हा दांडा वढून सोडायचा. बॉल वर जातो. ह्येला प्लंजर म्हणायचं. आन् खाली ह्या दोन पट्ट्या दिसत्यात न्हवं, त्या फ्लिपर."

"फिल्पर."

"फ्लिपर. बॉल खाली आला की हेच्यानं वर मारायचा. दोघींच्या मधनं निसटला की ड्रेन. गेला बॉल."

केरबा ओठातल्या ओठात घोकत होता. "ड्रेन. आन् मशीन हलवलं तर?"

"थोडं हलवलं तर चालतंय. लई गदागदा हलवलं की टिल्ट. समदं बंद पडतंय, मग कितीबी बटणं दाबा." यल्लाप्पाला आता सांगण्यात मजा येऊ लागली. "आन् फ्लिपर वर धरून बॉल तिथंच थोपवायचा, त्येला क्रेडल म्हणत्यात. हितं एकाच पोराला जमतंय. प्रसेनजीत म्हणून हाय. बॉल असा निजवतोय बघा, पाळण्यात घातल्यागत. हल्ली आला न्हाय त्यो."

"माझाच पोरगा त्यो."

"आरं! मग त्यालाच इचारायचं की!"

"बोलत न्हाय," केरबा म्हणाला. "कारखान्यात प्रेस मशीनमधी हात गावला. डावा. मनगटाच्या वरनं काढला. आप्रेशन झाल्यापासनं आईशी न्हाय, डॉक्टरशी न्हाय, एक शब्द न्हाय."

मशीनच्या दोन्ही बाजूंच्या बटणांवर यल्लाप्पाचे दोन हात होते. त्यानं ते काढून घेतले. मग त्यानं काचेवर बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "हे गोल हाईत न्हवं, बॉल आपटला की उडवून लावत्यात, ह्ये बंपर."

"बंपर," केरबा म्हणाला.

दुपारी तो सरकारी दवाखान्यात गेला. प्रसेनजीत भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्याची आई शेवंताबाई उशाशी बसून भाताचा घास कालवत होती. मुलगा खाणार नाही हे तिला ठाऊक होतं, तरी कालवत होती.

केरबा स्टुलावर बसला. घसा खाकरून म्हणाला, "आज मशीन बघून आलो. दांडा वढला की बॉल वर जातो. तिथं बंपर असत्यात. बॉल दोन फ्लिपरच्या मधनं गेला, की टिल्ट."

शेवंताबाई नवऱ्याकडं बघत राहिली. त्याला काहीतरी झालंय असं तिला वाटलं.

"ड्रेन," भिंतीकडून आवाज आला.

शेवंताबाईचा हात ताटलीतच थांबला.

"व्हय, ड्रेन," केरबा घाईघाईनं म्हणाला. "टिल्ट म्हंजे ते, हलवल्यावर."

प्रसेनजीतनं हळूहळू कूस वळवली. चेहरा सुकला होता, ओठांवर पापुद्रे आले होते. डावीकडचं बँडेज त्यानं चादरीखाली ओढून घेतलं.

"आबा."

"बोल की, लेकरा."

"माझा हात कुठं टाकला त्यांनी?"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कण्हला. शेवंताबाईनं ताटली खाली ठेवली. हे तिनंही विचारलं नव्हतं.

"टाकला न्हाय," केरबा म्हणाला. "मी मागून घेतला. पंचगंगेच्या कडंला नेऊन पुरला."

"खोल?"

"कमरेइतका खड्डा काढला. वर दगडं रचली. कुत्री उकरायची न्हाईत."

प्रसेनजीतनं मान हलवली. मग तो छताकडं बघू लागला. केरबाला वाटलं, आता पुन्हा बोलणार नाही.

"मूठ उघडी होती का मिटल्याली?"

बायको आपल्याकडं बघतेय हे केरबाला कळत होतं.

"फडक्यात बांधून दिल्ता," तो म्हणाला. "सोडून बघायचा धीर झाला न्हाय मला."