कोरी गोवरी

गावात शाळा नव्हती, म्हणून रेवाबाई शकूला घरीच शिकवायची. शेजारच्या मंगलाची पोर मात्र शहाद्याला, मामाकडे राहून शाळेत जायची. मंगला रोज रेवाबाईच्याच खिडकीबाहेरच्या भिंतीवर निवांत गोवऱ्या थापायची. रेवाबाईचा जीव नुसता जळायचा.

आज शकू कालचा 'ठ' विसरली. रेवाबाईनं पाटी आदळली.

"मन्हाकडतीन आते नही व्हस! मंगलानं बरं शे. पोर धाडी दिनी, मोकळी व्हयनी."

खिडकीतून आवाज आला, "तुन्ही पोर तुन्हा म्होरे तरी बठस ना व माय."

रेवाबाई तणतणत बाहेर गेली. मंगला तिथं नव्हती. भिंतीवरच्या गोवऱ्यांवर बोटानं अक्षरं काढली होती, 'क'पासून 'ठ'पर्यंत. आजची ओली गोवरी कोरीच होती.

रेवाबाईनं आत येऊन पाटीवर मोठा 'ड' काढला आणि पाटी खिडकीकडे वळवली.